भट्टीमागचा काळोख आणि आपला एचडीआर टीव्ही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय चंपतराव वैरागडे, प्रमुख पाहुण्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टर गुंजन काणे, सत्कारमूर्ती आणि आपले मावळते सचिव श्री. मुकुंदराव पांढरीपांडे, सौ. वहिनी, निवांत ज्येष्ठ मंडळाच्या सर्व भगिनी आणि बंधू, आणि तर्री-पोह्यांचा वास आल्यापासून व्यासपीठाकडे पाठ करून बसलेले मागच्या रांगेतले स्नेही,

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं.

मुकुंदराव, ही वेळ आपल्या लक्षात नसेल. माझ्या आहे. त्या वेळी आपण याच व्यासपीठावर, आत्ता जिथे आपल्यासाठी शाल आणि नारळ ठेवला आहे, तिथे उभे राहून हसतमुखाने म्हणालात, "पोरीनं मेहनत घेतली आहे, पण चित्रफितीत प्रकाशच नाही." सभागृहानं माना डोलावल्या. हात वर झाले. आणि आपल्या सुंदर अक्षरात ठराव लिहिला गेला, की रितिका लांजेवार हिने काढलेली चित्रफीत मंडळाच्या वर्धापनदिनी दाखवण्याजोगी नाही.

त्या ठरावाबद्दल मी आज बोलणार आहे. प्रमुख पाहुण्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून एक रीत सांगते. हे मंडळ ज्यांनी सुरू केलं ते आपले दादाजी. त्यांनी घालून दिलेला नियम असा, की कुणाला निरोप देताना कौतुकाची भाषणं हवी तेवढी व्हावीत, पण शेवटचं भाषण तक्रारीचं असावं. त्याला आम्ही 'साभार तक्रार' म्हणतो. दादाजी म्हणायचे, नुसतं कौतुक बांधून दिलं तर माणूस गाडीत बसल्यावर आपल्याला विसरतो. तक्रार दिली तर निदान उत्तर लिहायला बसतो. जाणाऱ्यानं किल्ल्या सोपवण्यापूर्वी तक्रारीचं लेखी उत्तर द्यायचं असतं. या वर्षी तक्रार करण्यासाठी माझं नाव एकमतानं सुचवलं गेलं. एवढं एकमत या मंडळात मी प्रथमच पाहिलं.

तर आधी साभार. मुकुंदरावांनी या मंडळासाठी काय केलं नाही? सभागृहाला गळती लागली तेव्हा स्वतः शिडीवर चढले, आणि वहिनी खाली उभ्या राहून त्यांच्या वयाची आठवण करून देत होत्या. सहलीला कोणाची गोळी विसरली हे त्यांनाच ठाऊक असायचं. आणि वीज. आपल्यातला शेवटचा माणूस खुर्चीतून अर्धा उठला की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद झालेला असायचा. मी एकदा नुसती पदर सावरायला उठले होते. पंखा गेला. ही सवय लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

आता तक्रार.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझी मराठी डगमगते असं इथल्या काही विदुषींचं मत आहे. असेल. राग मात्र मला अस्खलित मराठीत येतो. नोकरी मी वजनमापं खात्यात केली. कळमन्याच्या यार्डातल्या मोठ्या काट्यांपासून गल्लीतल्या किराणा दुकानातल्या तराजूपर्यंत तपासणं हे माझं काम. एका दुकानदारानं मला ठसक्यात सांगितलं होतं, "मॅडम, काट्यावर शिक्का आहे ना, मग तपासता कशाला?" मी म्हटलं, शिक्का मारला त्या दिवशी काटा बरोबर होता, एवढंच शिक्का सांगतो. आज काय करतो ते वजन ठेवल्यावर कळेल. आम्ही आमची प्रमाणित वजनं पेटीत घालून बरोबर नेत असू. दुकानदाराचं वजन वापरून दुकानदाराचा काटा तपासायचा नसतो, हे सांगायला मोठं शिक्षण लागत नाही.

मंडळानं टीव्ही कसा घेतला? हात वर करून. मी त्या दिवसांत गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भरती होते, म्हणून ही गोष्ट मला नंतर कळली. दुकानात दोन टीव्ही पसंतीला आले. एकाच्या खोक्यावर चार चिन्हं, दुसऱ्याच्या खोक्यावर सहा. मुकुंदरावांनी ती मोठ्यानं मोजून दाखवली. त्यातलं एक चिन्ह एचडीआरचं. हे काय असतं, असं कुणी तरी विचारलं. उत्तर मिळालं, "नवीन आहे." सगळ्यांचे हात वर गेले. दसऱ्याला टीव्हीची पूजा झाली, झेंडूची माळ चढली, मुकुंदरावांनी आपल्या हातानं ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आपट्याची पानं वाटली गेली. छायाचित्रात सगळे प्रसन्न आहेत.

मग आला नऊ नोव्हेंबर. रितिका ही आपल्या शोभाताईंची नात. तिचे आजोबा देवराव यांनी उभं आयुष्य कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीत लोखंड वितळवण्याच्या भट्टीवर काढलं. ते निवृत्त झाल्यावर नातीला वाटलं, आजोबा काय काम करायचे ते एकदा नीट पाहावं. मालकांची परवानगी काढली, आजोबांना जुने कपडे घालायला लावले, आणि मागच्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या सोबत्यांमध्ये, चालू भट्टीसमोर त्यांना उभं करून तिनं छोटी चित्रफीत काढली. त्या दिवशी देवराव इथे पहिल्या रांगेत बसले होते. नवा सदरा. प्रत्येकाला बोट दाखवून सांगत होते, "आता पाहा हं."

आणि आपण काय पाहिलं? मधोमध एक पांढराफटक ठिपका. सभोवार डांबर. मधूनच त्या डांबरात काहीतरी हललं. आपले आजचे माननीय अध्यक्ष तेव्हा देवरावांच्या शेजारी बसले होते. त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "देवराव, तू कुठं हायेस गा यात? मले त नुसता चंद्र दिसून राहिला."

सगळे हसले. देवरावही हसले. अध्यक्षमहाराज, आपण प्रेमानं बोललात हे मला माहीत आहे. पण दुसऱ्या दिवसापासून देवराव मंडळात यायचे बंद झाले, हेही आपल्याला माहीत आहे. आणि घरी रितिकाच्या वडिलांनी, जितेंद्रनं, एवढंच म्हटलं की इतकी शिकलेली, अनुभवी माणसं सांगतात तर खरंच असेल, आता कॅमेरा ठेव आणि बँकेच्या परीक्षेला बस. एका ठरावानं एवढं झालं. मंडळाच्या सूचना महापालिका ऐकत नाही, पण घरातली माणसं ऐकतात.

मला हे कळलं ते शोभाताईंकडून. मी काठी टेकत फिरायला निघाले होते, त्या फाटकाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मले सांगा ना वं ताई, पोरीनं खरंच आंधारात काढलं काय? तिच्या मोबाइलवर त आमच्या ह्यायचं तोंड चांगलं दिसते."

मोबाइल आणवला. चष्मा लावला. दिसत होतं. बोटाएवढे देवराव, पण भुवईवरच्या घामासकट दिसत होते.

आता मंडळी, मला सांगा. पोतं एक. काटे दोन. वजनं दोन. अशा वेळी आम्ही पोत्याला दोष देत नव्हतो. राग तर मला आलाच, पण खरं सांगते, त्याच्याहून जास्त कुतूहल जागं झालं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला कुणाचा तरी काटा तपासावासा वाटला.

एचडीआर म्हणजे आहे तरी काय? मी वाचत बसले. आपला डोळा भर उन्हातला पांढरा सदरा आणि त्याच अंगणातल्या माठाखालची सावली, दोन्ही एकदम पाहू शकतो. जुन्या टीव्हीला हे झेपत नसे. उजेड पाहायचा तर सावली काळी, सावली पाहायची तर उजेड पांढरा. एचडीआरच्या चित्रात दोन्ही टोकांची नोंद असते. वितळलेलं लोखंड किती झगझगीत दाखवायचं आणि कोपऱ्यातला माणूस किती मंद, हे चित्रातच सांगितलेलं असतं. सांगितलेलं असतं, हं. टीव्ही ते करून दाखवेलच असं नाही.

हीच मेख आहे. खोक्यावरचं चिन्ह एवढंच म्हणतं की हा टीव्ही ती सूचना वाचू शकतो. मला स्वरलिपी वाचता येते. सिस्टर इग्नेशियांनी छडी घेऊन शिकवली होती. म्हणून मी गाते का? मी गायले तर हा निरोप समारंभ फार लवकर आटपेल.

मग टीव्हीचा गळा कशावरून ओळखायचा? उजेडाच्या मापावरून. त्या मापाला निट म्हणतात. एक निट म्हणजे चौरस मीटरभर पृष्ठभागामागे एक कँडेला, म्हणजे ढोबळमानानं एका मेणबत्तीचा उजेड. हा शब्द वाचला आणि मला जुनी मैत्रीण रस्त्यात भेटल्यासारखं झालं. किलो आणि मीटर यांच्याबरोबर कँडेलाही मूळ एककांच्या यादीत असतो. खात्याच्या परीक्षेसाठी तो मी पाठ केला आणि नंतर उभ्या नोकरीत त्याची कधी गाठ पडली नाही. म्हातारपणी तो टीव्हीच्या मागून निघाला.

रितिकानं सांगितलं, तिनं भट्टीचा झगझगाट हजार निट धरून चित्र बसवलं होतं. आपला टीव्ही किती देतो? खोक्यावर सहा चिन्हं, पण हा आकडा नाही. माहितीपुस्तिकेत नाही. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"मॅडम, आपला टीव्ही एचडीआर आहे."

"ते वाचलं. निट किती?"

"पिक्चर एकदम ब्राइट येतं, मॅडम."

"साखर किती दिली असं विचारल्यावर तुम्ही 'गोड दिली' असं सांगता का?"

"मॅडम, साखरेचं दुसरं डिपार्टमेंट असेल."

मी फोन ठेवला. मुलगी गोड होती, तिच्यावर कशाला चिडायचं? चिडायला मुकुंदराव होतेच.

तेव्हा ठरवलं, आपलं प्रमाणित वजन घेऊन आपणच जायचं. माझं वजन म्हणजे रितिकाची चित्रफीत. एका पेनड्राइव्हवर ती घेतली, रितिकाला घेतलं, आणि देवरावांना घेतलं. देवराव निघेनात. "मले काहून नेता जी ताई? माझं त काळंच दिसते." मी म्हटलं, देवराव, मला गुडघ्यामुळे जिना चढताना आधार लागतो. हे अर्धं खरं होतं. ते आले.

सीताबर्डीतल्या एका दुकानात गेलो. सौरव नावाचा विक्रेता सामोरा आला. दुकानात भिंतभर टीव्ही, आणि प्रत्येकात तोच पोपट. पोपट, मग कापलेलं संत्रं, मग धबधबा, पुन्हा पोपट.

"मॅडम, हा घ्या. कलर बघा पोपटाचे."

"आमच्याकडे पोपट येत नाही. मला माणसाचा चेहरा पाहायचा आहे. अर्धा उजेडात, अर्धा सावलीत."

"एचडीआर आहे ना मॅडम, सगळं दिसेल."

"दिसेल ना? मग दिवे बंद करा आणि हे लावा. आणि दुकानासाठी जो भडक मोड ठेवता तो काढा."

"मॅडम, लाइट बंद केले तर लोकांना वाटेल दुकान बंद झालं."

"मला तर आत्ता वाटतंय दुकानात लग्न आहे."

सौरव हसला. मग मात्र त्यालाही उत्सुकता वाटली असावी. माडीवर एक खोली होती, पडदे ओढता येण्याजोगी. तिथे त्यानं तीन टीव्ही शेजारी शेजारी लावले. पहिला आपल्या मंडळाचाच, तेच खोकं, तीच सहा चिन्हं. माझ्या वजनापुढे तिघांना उभं केलं.

पहिल्यात भट्टी पांढरी. लोखंडाला रंगच नाही, भिंतीवर चुना सांडल्यासारखं. आणि काळोख काळाही नाही, राखेसारखा. सौरवनं कारण सांगितलं. यात दिव्यांची पट्टी एका कडेला असते, आणि सगळा पडदा एकाच दिव्यावर. भट्टीसाठी दिवा वाढवला की कोपराही उजळून भुरका होतो, कोपऱ्यासाठी उतरवला की सगळंच बुडतं. बिचाऱ्याची ताकद सौरवच्या अंदाजानं तीनशे निटच्या आसपास, आणि समोर मागणी हजाराची. मग तो काय करतो? वरचं कापतो, नाहीतर सगळंच खाली ओढतो. चित्र हजाराचं, टीव्ही तीनशेचा, आणि नापास झाली ती रितिका.

दुसऱ्यात पडद्यामागे दिव्यांचे शेकडो वेगळे कप्पे. भट्टीमागचे कप्पे पेटलेले, कोपऱ्यामागचे मालवलेले. लोखंड नारिंगी झालं, त्याच्या कडेला पिवळी किनार दिसली. आगीभोवती एक अंधुक प्रभावळ राहत होती, तेवढा दोष. तिसऱ्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. तिथला काळा खरोखर काळा. मी म्हटलं, हाच सर्वांत चांगला. सौरव म्हणाला, "थांबा मॅडम," आणि त्यानं पडदा सारला. उन्हाची तिरीप आत आली आणि तिसरा फिका पडला. दुसरा टिकला. म्हणजे चांगला कोणता, हे खोलीला विचारावं लागतं. आपलं सभागृह पश्चिमेला तोंड करून आहे, दुपारी चारला ऊन थेट पडद्यावर येतं. हे सहा चिन्हांपैकी कोणत्या चिन्हात लिहिलं होतं?

मी या सगळ्यात इतकी रमले होते की देवरावांकडे लक्ष नव्हतं. ते दुसऱ्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे होते. पडद्यावर त्यांचाच चेहरा होता, स्पष्ट, घामेजलेला. पण ते स्वतःकडे बघत नव्हते. मागच्या कोपऱ्याकडे बघत होते.

"थांबव वं बाई. जरा मागं घे."

रितिकानं चित्र मागे नेलं.

"तो बळीराम होय ना."

भट्टीच्या मागे, काळोखात, वाळूच्या ढिगावर एक माणूस बसला होता. दुपट्ट्यानं तोंड पुसत होता. मग त्यानं वर पाहिलं, देवरावांना कॅमेऱ्यासमोर छाती काढून उभं राहिलेलं पाहिलं, आणि हसला. बस, एवढंच. पुढच्या क्षणी चित्र बदललं.

रितिका म्हणाली, "आजोबा, मला वाटलं तिथे पोती ठेवली आहेत." तिनंच काढलेलं चित्र, आणि तिनंही तो माणूस पाहिला नव्हता. तिच्याकडे तेवढा पडदाच नव्हता. मोबाइलवर तो तांदळाच्या दाण्याएवढा.

बळीराम हा देवरावांचा भट्टीवरचा जोडीदार. मागच्या पोळ्याच्या आधी तो गेला. देवरावांनी तो भाग आणखी काही वेळा पाहिला, मग म्हणाले, "हासून राहिला पाहा कसा. मले त्या दिवशी म्हणे, हिरो झाला काय गा तू." रितिकाकडे वळून म्हणाले, "यमुनाबाईले दाखवा लागते हे."

यमुनाबाई म्हणजे बळीरामच्या पत्नी. कळमेश्वरला राहतात. त्यांच्याकडे बळीरामचा हलता-बोलता असा एकही फोटो नाही.

डॉक्टर गुंजन, आपल्याला मी मागच्या महिन्यात तपासणीच्या खुर्चीत बसून विचारलं होतं, की साठीनंतर डोळ्याला काय होतं. आपण म्हणालात, भिंगातून आत पोचणारा उजेड कमी होतो आणि एकसारख्या दिसणाऱ्या छटा वेगळ्या करणं जड जातं. आपल्याला वाटलं असेल मी मोतीबिंदूबद्दल विचारतेय. मी टीव्हीबद्दल विचारत होते. म्हणजे पाहा, ज्यांना चांगल्या पडद्याची खरी गरज ते आपण, आणि चिन्हं मोजून सर्वांत भुरका पडदा घेणारेही आपणच.

मात्र मी तपासनीस होते, फिर्यादी नव्हे. काटा खोटा असतो तसाच कधी तोलणाराही चुकतो, आणि दोन्ही वेगळं करून लिहावं लागतं. म्हणून अध्यक्षांकडून किल्ली घेऊन एका दुपारी रितिका आणि मी इथे आलो. दुकानातल्या त्याच जातीच्या टीव्हीवर काळोख निदान राखेसारखा होता. इथे तर डांबर. असं का?

रितिकानं टीव्हीची सेटिंग उघडून पाहिली. विजेची बचत चालू. मुकुंदराव, ही आपली सवय. या बचतीत टीव्ही खोलीतला उजेड स्वतः पाहतो. खोलीत उजेड असेल तर चित्र उजळ करतो, अंधार असेल तर मंद. पाहण्यासाठी त्याला खालच्या पट्टीत एक बारीक डोळा दिलेला असतो, मसुराएवढा. आम्ही तो शोधू लागलो. सापडेना. मग रितिकानं बोट ठेवलं. तो डोळा मुकुंदरावांच्या स्वस्तिकाखाली होता. बरोब्बर मधोमध, जिथे चार रेषा मिळतात आणि कुंकू सर्वांत जाड बसतं तिथे.

दसऱ्यापासून आपला टीव्ही समजून चालला होता की आपल्या मनीषनगरात कायमची रात्र आहे.

हसा, मीही हसले होते. मी फडकं ओलं केलं, नमस्कार केला, आणि कुंकू पुसलं. पडदा आपण होऊन उजळला, झोपेतून कुणी उठावं तसा. पूजा करू नका असं मी म्हणत नाही. माझ्या पेटीतल्या वजनांनाही मी दसऱ्याला हळदकुंकू वाहत असे, पण लावण्याआधी पाहत असे कुठे लावतेय ते, कारण कुंकवाचंही वजन भरतं.

आणि शेवटची गोष्ट. रितिकानं त्या दिवशी दोन प्रती आणल्या होत्या. एक एचडीआरची, एक साधी, कमी ताकदीच्या टीव्हीसाठी तिनं स्वतः बसवलेली. मुकुंदराव, तिनं आपल्याला विचारलं होतं, "काका, कोणती लावू?" आपण म्हणालात, "आपला टीव्ही एचडीआर आहे बेटा, मोठीच लाव." त्या दुपारी मी साधी लावून पाहिली. बचत बंद, कुंकू पुसलेलं, पडदे ओढलेले. देवराव दिसले. भुवईवरच्या घामासकट दिसले. बळीराम मात्र नीट दिसला नाही. कोपऱ्यात काहीतरी हलतं एवढंच. जे कळलं ते असं: तोलणाऱ्याची चूक दुरुस्त झाली, काट्याची राहिली.

म्हणून सौरवशी बोलले. वर्धापनदिनी, म्हणजे रविवारी १ फेब्रुवारीला, तो त्या तिघांतला दुसरा, कप्प्यांचा टीव्ही प्रात्यक्षिक म्हणून एका संध्याकाळपुरता इथे आणून लावायला तयार आहे. एवढे ज्येष्ठ एका जागी बसले की दोघा-तिघांना तरी मोह होईल, असा त्याचा हिशेब आहे. असू दे. त्याच्या मालकाला मंडळाच्या सचिवाच्या सहीचं पत्र हवं. नवा सचिव निवडायला आपल्याला साधारण किती वेळ लागतो हे मी प्रमुख पाहुण्यांसमोर सांगत नाही. आणि मुकुंदराव गुरुवारी मुलाकडे बंगळुरूला निघत आहेत.

देवराव आज आले आहेत. मागे खांबाशी बसले आहेत. त्यांना मी तर्री-पोहे आहेत एवढंच सांगून आणलं. देवराव, पोहे आहेत, मी खोटं बोलले नाही. शोभाताईंनी रितिकालाही आणलं आहे. तिचा कॅमेरा कपाटात आहे, विकलेला नाही, हे मी खात्री करून घेतलं आहे.

अध्यक्ष घड्याळ पाहून राहिले, म्हणून आवरते. त्यांनी मला बोलू दिलं याबद्दल त्यांचे आभार. त्या दिवशीच्या चंद्राबद्दल काय करायचं ते त्यांनी पोह्यांच्या रांगेत देवरावांशी बोलून ठरवावं. डॉक्टर गुंजन यांनी आमच्या घरगुती भांडणात वेळ दिला, त्यांचे आभार. वहिनी, आपण इतकी वर्षं या माणसामागे पंखे पुन्हा चालू करत आलात, आपला सत्कार वेगळा व्हायला हवा होता. मुकुंदराव, आपल्याइतका काळजी वाहणारा सचिव पुन्हा मिळणार नाही, हे मी मनापासून म्हणते, आणि म्हणूनच ही तक्रार आपल्याकडेच करते. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर माझं वय, माझा गुडघा किंवा माझं कॉन्व्हेंट, यांपैकी जे सोयीचं वाटेल त्याला दोष देऊन मला क्षमा करावी.

मात्र उत्तर लेखी हवं. त्यात आपल्या त्याच सुंदर अक्षरात असावं, की ९ नोव्हेंबरचा ठराव मागे घेतला आहे, प्रकाश चित्रफितीत होता, आणि ती १ फेब्रुवारीला दाखवली जाईल. सोबत सौरवच्या दुकानासाठी सहीचं पत्र. मुदत बुधवार, १४ जानेवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. त्या दिवशी संक्रांत आहे आणि पाचनंतर मी हळदीकुंकवाला बसते, तिथे मला गोड बोलावं लागतं, तेव्हा त्याआधीच काय ते उरकावं. कळमेश्वरला यमुनाबाईंना पाठवायची आमंत्रणाची चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. तिच्यात तारखेची जागा मोकळी आहे, आणि ती आपलं उत्तर हातात आल्याशिवाय मी भरणार नाही.